टोर

दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कॉफी करणं, असं हेन्रिके श्टुम्फ म्हणायची. साखर कुठे ठेवलीय ते शोधलं की सापडतं. पण ती तिथेच का ठेवलीय, हे त्या घरात चार दिवस काढल्याशिवाय कळत नाही.

असे चार-चार दिवस काढता काढता तिची वीसेक वर्षं गेली होती. कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात, टेकडीवरच्या काँक्रीटच्या इमारतीत तिची खोली होती. एका खिडकीतून जंगल दिसायचं. दुसरीतून, झाडांच्या शेंड्यांवरून, बेत्सेनबेर्गवरचं फुटबॉलचं मैदान. नोव्हेंबर लागला की दोन्ही दिसेनाशी व्हायची आणि धुक्यातून नुसती शेजारच्या लष्करी तळावरच्या अमेरिकनांच्या मालवाहू विमानांची घरघर ऐकू यायची.

तिचं काम होतं बीजगणित करणाऱ्या सिस्टीमचं. आकडेमोड कुठलंही यंत्र करतं. या सिस्टीम अक्षरांना अक्षरंच ठेवून समीकरणं सोडवायच्या, बहुपदींचे अवयव पाडायच्या, माणूस कागदावर करतो तसं, फक्त न थकता. अशा तीन जुन्या सिस्टीम होत्या. 'लिंडे' इथलीच, याच इमारतीत जन्मलेली. दुसरी फ्रान्समध्ये बोर्दोची, तिसरी इंग्लंडमध्ये लीड्सची. तिन्ही फुकट, आणि तिन्हींचा कोड कुणालाही वाचायला उघडा. आता त्या तिन्ही मिळून एकच नवी सिस्टीम करायची होती. वर्षअखेरीपर्यंत झाली तर हेन्रिकेचा विभाग राहणार होता. नाहीतर खोलीला कुलूप.

हाताखाली म्हणा, बरोबरीनं म्हणा, एक जण होता. येंजेय, पोलंडमधल्या तोरुनचा. बायको यागोदा आणि तेव्हा चार वर्षांची असलेली मुलगी झुझिया यांना घेऊन दोन वर्षांपूर्वी आला होता. जर्मन बोलायचा ते पोलिश वळणानं, आणि हेन्रिकेला म्हणायचा 'बाईसाहेब', कारण पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या कोडमधली स्वल्पविरामांची जागा सुधारली होती.

"बाईसाहेब, जरा इकडे बघा," एका सकाळी तो म्हणाला. "लिंडेत एक फंक्शन आहे, टोर नावाचं. ते बोर्दोवाल्यांच्यात पण आहे. आणि लीड्सवाल्यांच्यात पण."

"नाव सारखं असेल."

"नाव नाही. ओळ न् ओळ."

तिनं खुर्ची ओढली. खरंच होतं. तीन सिस्टीम, तीन देशांत, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या, आणि सगळ्यात जुन्या थरात तेच पानभराचं फंक्शन. सुरुवातीला एक व्हेरिएबल मांडून ठेवलेलं आणि पुढे कुठेच न वापरलेलं. तिन्हीकडे तसंच.

"ढापलंय कुणीतरी कुणाचं तरी," हेन्रिके म्हणाली.

"ढापलं तर ढापलं. पण हे करतं काय ते बघा. काहीच करत नाही. जे आत देतो तेच बाहेर येतं. मी सकाळपासून तपासतोय. समीकरण घातलं, तेच समीकरण बाहेर. पानभर कष्ट करायचे आणि दिलेलं परत द्यायचं." तो हसला. "टोर म्हणजे गोल ना? शनिवारी तुमचे लोक बोंबलतात तो?"

"गोलही, आणि वेसही. आणि जुन्या भाषेत वेडगळ माणूस."

"चला, म्हणजे तीनातला एक मी आहेच."

जे काहीच करत नाही ते काढून टाकावं, हा सरळ हिशेब. त्यांनी टोर काढलं आणि चाचण्या लावल्या. लिंडे चालली, पण उत्तरं चुकायला लागली. बहुपदीचे अवयव पाडून ते पुन्हा गुणले की मूळ बहुपदी परत येईना. फरक अगदी बारीक, कुठेतरी एका कोपऱ्यात. पण गणितात थोडंसं चुकीचं असं काही नसतं. टोर परत ठेवलं की सगळं बरोबर.

हेन्रिकेनं बोर्दोला विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी उलट टपाली कळवलं की ते आम्ही लीड्सवाल्यांकडून घेतलं होतं. लीड्सवाले म्हणाले, आमच्याकडे ते तुमच्याच कायझर्सलाउटर्नहून आलं.

"बघा," येंजेय म्हणाला, "घरातच होतं आणि आपण गावभर शोधतोय."

"गेर्लाखना विचारायला हवं." प्राध्यापक ओट्टमार गेर्लाख म्हणजे हेन्रिकेचे गुरू, लिंडेचे कर्ते. निवृत्त होऊन लाउटर नदीच्या खोऱ्यात वर वोल्फश्टाइनला राहायचे. पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे रविवार मोडायचा, आणि हाताशी दिवस थोडे होते. म्हणून ती म्हणाली, "तोवर तू वाचून काढ. समजलं तर आपणच नव्यानं लिहू."

हे वाक्य तिनं सहज टाकलं होतं, कॉफीचा कप धुता धुता.

येंजेय वाचायला बसला. त्याची पद्धत अशी की पडद्यावर बघायचं, कागदावर बाण काढायचे आणि मधून मधून स्वतःशी पोलिशमध्ये शिव्या द्यायच्या. पहिले काही दिवस शिव्या ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या. मग बाणही थांबले. तो नुसता वाचायचा. दुपारी जेवणाच्या वेळी ती हाक मारायची तेव्हा तो उठायचा, सोबत यायचा, समोरच्या ताटातलं खायचा.

"अडलंय का?" तिनं एकदा विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "उलट. फार सोपं आहे. इतकं सोपं की लाज वाटते. जवळजवळ पोचलोय."

शनिवारी मॅच होती. कामं तुंबली होती म्हणून हेन्रिके आली, तर येंजेय आधीच येऊन बसला होता. त्याचा पडदा बंद होता. हात मांडीवर. बाहेर धुक्यातून मैदानावरचा गलका येत होता, समुद्रासारखा, चढणारा आणि ओसरणारा.

"कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"काय कळलं?"

"अरे, तूच म्हणालास ना, कळलं म्हणून."

"अरे, तूच म्हणालास ना, कळलं म्हणून."

ती हसली. त्याला अशा गमती करायची खोड होती. कोट खुंटीला अडकवत ती म्हणाली, "पुरे आता, येंजेय."

"पुरे आता, येंजेय."

खुंटीवरचा तिचा हात तसाच राहिला. त्यानं स्वतःलाच नावानं हाक मारली म्हणून नव्हे. त्याच्या बोलण्यातलं पोलिश वळण गेलं होतं. ते बोलणं कायझर्सलाउटर्नच्या जुन्या वस्तीतलं होतं, शब्दाचं शेपूट खाऊन टाकणारं, जसं तिच्या वडिलांच्या खाटीकखान्यात बोलायचे आणि जसं ती अजून बोलायची. आवाज पुरुषाचा होता. पण बोलणं तिचं होतं, त्यातल्या त्या छोट्या हसण्यासकट.

ती गप्प झाली. तोही गप्प झाला. ती गप्प होती तोवर तो बसून होता, दिवा लावून ठेवलेल्या रिकाम्या घरासारखा.

मैदानावर गोल झाला. हजारो माणसं एकदम ओरडली, "टोर."

"टोर," येंजेय म्हणाला. तो आवाज कसा होता, हे हेन्रिकेनं पुढे कुणालाही सांगितलं नाही.

*

जंगलापलीकडच्या इस्पितळात त्याला ठेवलं. डॉक्टरांकडे या प्रकाराला नाव होतं, आणि गोळ्याही होत्या. डोक्याची चित्रं काढली, ती स्वच्छ निघाली. डॉक्टर रोज विचारायचे, "आज कसं वाटतंय?" आणि येंजेय तितक्याच आपुलकीनं त्यांना विचारायचा, आज कसं वाटतंय.

यागोदा वृद्धाश्रमात नर्स होती. हरवलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. ती रडली नाही. भेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर हेन्रिकेशेजारी बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलली.

"पहिल्यांदा झुझियाला मजा वाटली. बाबा माझ्यासारखं बोलतो म्हणे. गाणी म्हणून घेतली त्याच्याकडून. मग तिनं विचारलं, बाबा, तू कुठे आहेस? तोही तिला विचारायला लागला, बाबा, तू कुठे आहेस. तिच्याच आवाजात. आता ती त्याच्याकडे येत नाही." ती थांबली. "त्याला तू काय वाचायला दिलंस, हेन्रिके?"

"एक जुनं फंक्शन. पानभराचं. त्यात काही नाही गं."

"काही नाही तर हा असा कसा झाला?"

हेन्रिके बाकाच्या कडेचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहिली.

"तुम्ही लोक घरात येऊन जेवलात," यागोदा म्हणाली. "मी तुला मोठी बहीण समजत होते. वर्षअखेर तुझी होती, तुझा विभाग वाचवायचा होता. वाचलं मात्र त्यानं."

दुसऱ्या दिवशी हेन्रिके टोर उघडून बसली. येंजेयनं काय पाहिलं ते पाहायचं, आणि त्याच वाटेनं त्याला परत आणायचं, एवढाच विचार होता. ती जुनी वाचणारी होती. पहिल्या चार ओळींतच तिला कळलं की हे कुणा हुशार माणसाचं काम नाही. हुशारी जाणवते, टोचते. हे टोचत नव्हतं. एकेक ओळ अशी येत होती जशी आपल्याच घराच्या जिन्याची पायरी अंधारात पायाखाली येते. न बघता. ती उतरत गेली. मध्यावर आली तेव्हा तिला फार बरं वाटत होतं, आणि पुढची ओळ काय असणार हे वाचण्याआधीच माहीत होतं.

फोन वाजला. यागोदाचा होता, तिला इस्पितळाच्या कसल्याशा कागदावर सही हवी होती. हेन्रिकेनं फाइल बंद केली. मघाशी आपण मनातल्या मनात वाचत होतो की मोठ्यानं, हे तिला काही केल्या आठवेना.

पुन्हा ती त्या फाइलच्या वाटेला गेली नाही. त्याऐवजी तिनं वळसा घातला. लिंडेचा गाभा टोरशिवाय नव्यानं लिहून काढला, अगदी शाळकरी पद्धतीनं, हळू चालणारा, पण उत्तरं बरोबर देणारा. टोरची गरजच उरली नाही. नवी सिस्टीम त्याच्याशिवाय उभी राहू शकत होती, आणि ते पान कुणाच्याही दृष्टीस न पडता संपू शकत होतं. हे तिला आशेसारखं वाटलं. पण येंजेय होता तिथेच होता.

त्या रविवारी ती वोल्फश्टाइनला गेली.

*

गेर्लाख चुलीसारख्या शेगडीत लाकडं सारत होते. बटाट्याचं सूप होतं आणि सोबत प्लमचा केक, त्या भागात दोन्ही एकत्रच खातात. म्हाताऱ्यानं तिला वाढलं, स्वतः खाल्लं नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं.

"कुणी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"येंजेयनं. तुम्ही ओळखत नाही."

"तू नाही ना वाचलंस?"

"अर्धं."

"अर्ध्यावर बरी थांबलीस." त्यांनी सूपकडे बोट केलं. "खा. गार होतंय."

"प्राध्यापक, ते कुठून आलं? लीड्सवाले म्हणतात इथून गेलं."

"मी बोर्दोहून आणलं. टेपवर होतं. ते म्हणाले, ठेवा, याच्याशिवाय नीट चालत नाही. मी ठेवलं. ते न्यायचं असतं, हेन्रिके, वाचायचं नसतं. नेणाऱ्याला काही होत नाही."

"बोर्दोनं लीड्सहून घेतलं. लीड्सनं तुमच्याकडून. तुम्ही बोर्दोहून." तिचा आवाज चढला. "असं कसं होईल? कुणीतरी लिहिलंच असेल ना?"

गेर्लाखांनी मान वळवली. ते दाराकडे बघत होते.

"असं कसं होईल?" आतल्या खोलीतून आवाज आला. "कुणीतरी लिहिलंच असेल ना?"

ते तिचंच बोलणं होतं. तिचाच चढलेला सूर.

उघड्या दारातून दिसलं, आत खिडकीपाशी आरामखुर्चीत एक म्हातारा बसला होता. स्वच्छ शर्ट, गुडघ्यांवर शाल. चेहरा गेर्लाखांसारखाच, पण त्यावर सुरकुत्या जवळजवळ नव्हत्या. वापरलेलाच नसावा तसा.

"विन्फ्रीड," गेर्लाख म्हणाले. "माझा धाकटा भाऊ. लिंडे आम्ही दोघांनी मिळून लिहायला घेतली होती. मी आणलं, यानं वाचलं. लोकांना वाटतं तो अमेरिकेला गेला. मीच तसं सांगितलं."

हेन्रिकेनं चमचा खाली ठेवला. तिनं हळू विचारलं, "कधीच बरा झाला नाही?"

"कधीच बरा झाला नाही," विन्फ्रीड हळू म्हणाला.

गेर्लाखांनी दार लोटून घेतलं. "होतो. अधूनमधून. पूर्वी जास्त व्हायचा. लिंडे तेव्हा सगळीकडे वापरत होते. परीक्षांचे दिवस आले, पोरं गणितं घालायला लागली, की हा उठायचा, दाढी करायचा, मला शिव्या द्यायचा. पोरं सुट्टीवर गेली की पुन्हा खुर्चीत. मला फार उशिरा लक्षात आलं. कुठेतरी कुणीतरी टोर चालवत असतं तेव्हा हा असतो." त्यांनी जमिनीकडे मान केली. तेव्हा हेन्रिकेला ती घरघर जाणवली. मघापासून तिला ती शेगडीची वाटत होती. "तळघरात एक यंत्र लावून ठेवलंय. नुसतं तेच चालवत राहतं. पण एका यंत्रानं काय होतंय? एक कप कॉफी पिण्याइतका येतो, आणि जातो. आता लिंडे वापरतं कोण?"

"मला आधी का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी तुमच्या कोडमध्ये हात घालतेय."

"तुला कधी ते वाचायची गरज पडली नाही," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, माझ्याबरोबर संपेल."

*

अशा गोष्टीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे हेन्रिकेला कळत होतं. पण विश्वास ठेवायची गरज नव्हती. चालवून बघता येत होतं.

मंगळवारी दुपारी तिनं विभागातली सगळी यंत्रं अडवली, इतरांची कामं थांबवली आणि सगळीकडे टोर लावलं. समीकरण घाल, परत घे, पुन्हा घाल. यागोदा इस्पितळात येंजेयशेजारी बसली होती, फोन कानाला लावून.

"काही नाही," यागोदा म्हणाली. "जेवतोय. मी उगाच तुझं ऐकतेय."

पाठोपाठ येंजेयचा आवाज यायला हवा होता, उगाच तुझं ऐकतेय, असा. तो आला नाही. चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"यागोदा," तो पोलिशमध्ये म्हणाला, "हे सूप कुणी केलंय? मीठच नाही."

हेन्रिकेला पोलिश तेवढं येत होतं. तो विचारत होता, झुझिया कुठाय, तिचा दात पडला का, माझा चष्मा तूच उचलून ठेवलास ना, तुला शंभरदा सांगितलंय. नवरा घरात जसा बोलतो तसं. मग फोन त्याच्या हातात आला.

"बाईसाहेब, तुम्ही चालवताय ना?"

"हो. कसा आहेस?"

"असा कसा काय विचारता? आत्ता आहे." त्याचं ते वेडंवाकडं जर्मन ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांबवू नका. पाळी फार उशिरा येते."

"कसली पाळी?"

"कुणी चालवलं की एकाची पाळी. आज तुम्ही खूप चालवलंत, म्हणून माझ्यापर्यंत आली."

"म्हणजे तुम्ही किती जण..."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी तक्रार केली असावी. यंत्रखोलीतल्या माणसानं सगळं बंद केलं. पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

"म्हणजे तुम्ही किती जण," फोनमधून तिच्याच सुरात आलं.

मागे यागोदाच्या ओरडण्याचा आवाज आला. मग येंजेयचा. दोन्ही सारखेच.

*

यागोदा संध्याकाळी हेन्रिकेच्या घरी आली. कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"एका विभागाच्या यंत्रांवर तो सूप संपण्याइतका येतो," ती म्हणाली. "सगळ्या जगात चाललं तर?"

हेन्रिकेनंही दुपारपासून तोच विचार केला होता. नवी सिस्टीम तीन सिस्टीमची मिळून होती. तीन देशांतली विद्यापीठं ती वापरणार, मग बाकीची. टोर गाभ्यात ठेवलं, बेरजेला, गुणाकाराला, प्रत्येक पायरीला त्याच्यातूनच जावं लागेल असं केलं, तर ते अहोरात्र कुठे ना कुठे चालूच राहील. कधीच थांबणार नाही.

"मी त्याच्याशिवाय चालेल असं करून ठेवलंय," ती म्हणाली. "ते पान कायमचं जाईल. पुन्हा कुणाला..."

"आणि येंजेय?"

"यागोदा, हा कोड उघडा असतो. कुणीही वाचू शकतं. वाचावा म्हणूनच उघडा असतो. पोरं शिकण्यासाठी वाचतात. गाभ्यात ठेवलं तर सगळ्यात आधी तेच वाचतील."

"वाचतील."

"मग?"

यागोदानं खुर्चीची पाठ धरली. तिचे हात कामाचे होते, खरखरीत. कितीतरी म्हाताऱ्यांना तिनं त्या हातांनी अंघोळ घातली असेल.

"मला त्यांची नावं माहीत नाहीत," ती म्हणाली. "देव मला क्षमा करो, पण मला एकच नाव माहीत आहे."

हेन्रिके पुढे दोन दिवस घराबाहेर पडली नाही. झालंच तर झोपलीही नाही. स्वतःला समजावलं की हजारात एखादाच शेवटपर्यंत वाचतो. हेही समजावलं की अर्ध्यावर थांबता येतं, आपण थांबलोच की. फोन वाजला होता म्हणून थांबलो, हे तिनं स्वतःला आठवू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती विभागात गेली, आपण लिहिलेला शाळकरी गाभा काढला आणि टोर मध्यभागी बसवलं. वर एक ओळ लिहिली, 'कृपया हे वाचू नये'. ती बघत बसली. अशी ओळ म्हणजे आमंत्रणच. तिनं ती खोडली.

सगळ्या चाचण्या पास झाल्या. वर्षअखेरीच्या आत सिस्टीम बाहेर पडली.

*

जानेवारीत येंजेय घरी आला. सुरुवातीला अधूनमधून जायचा, वाक्याच्या मध्येच. मग फेब्रुवारीत बोर्दोच्या विद्यार्थ्यांना नव्या सिस्टीमवर गृहपाठ सुरू झाला आणि जाणं थांबलं. डॉक्टरांनी गोळ्यांना श्रेय दिलं. झुझिया दाराआडून बघता बघता एक दिवस त्याच्या मांडीवर जाऊन बसली. गेर्लाखांचा फोन आला, आवाज कापत होता. विन्फ्रीड सकाळी उठून बागेत गेला होता. आई कुठे आहे, असं विचारत होता, आणि तिला जाऊन किती वर्षं झाली ते त्याला कसं सांगावं, हे त्यांना कळत नव्हतं.

मार्चमध्ये येंजेय कामावर रुजू झाला. तेच पोलिश जर्मन, त्याच शिव्या, तेच बाईसाहेब. टोरबद्दल हेन्रिकेनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. विभागाला मुदतवाढ मिळाली. यागोदा भेटली की हेन्रिकेला मिठी मारायची, जरा जास्तच घट्ट, आणि दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळायच्या.

एका स्वच्छ सकाळी, जंगलात नवी पालवी दिसत होती तेव्हा, हेन्रिकेला एक मेल आली. तार्तूच्या विद्यापीठातून, लीस नावाच्या विद्यार्थिनीची. लिहिलं होतं की मी शिकण्यासाठी तुमचा कोड वाचते आहे. गाभ्यात एक फंक्शन आहे, इतकं सुंदर काही मी आजवर वाचलेलं नाही. जवळजवळ पूर्ण समजलं आहे. ते मूळ कुणी लिहिलं, एवढं कळवाल का?

मेल आदल्या दिवशीची होती.

हेन्रिकेनं घाईघाईनं लिहिलं. *प्रिय लीस, ते वाचणं आत्ता लगेच थांबव. कारण विचारू नकोस. तुझ्याजवळ कुणी आहे का? त्यांना मला फोम करायला सांग. हेन्रिके श्टुम्फ.* पाठवल्यावर दिसलं की 'फोन'चं 'फोम' झालं आहे.

उत्तर लगेच आलं.

*प्रिय लीस, ते वाचणं आत्ता लगेच थांबव. कारण विचारू नकोस. तुझ्याजवळ कुणी आहे का? त्यांना मला फोम करायला सांग. हेन्रिके श्टुम्फ.*

ती बघत राहिली. तिची मेल खाली जोडून आली असेल म्हणून तिनं खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. सगळं नव्यानं टंकलेलं होतं.

येंजेय सफरचंद खात तिच्या खुर्चीमागून कॉफीच्या यंत्राकडे चालला होता. पडद्यावर त्याची नजर गेली आणि तो क्षणभर थांबला.

"लीस का?" तो म्हणाला. "हो, ती कालच आली. जरा लाजाळू आहे, पण रुळेल."

मग त्यानं विचारलं, "बाईसाहेब, तुमच्यासाठी पण करू का कॉफी?"